भरत आलेल्या हंड्याचा आवाज

नळाखाली हंडा लावून घरातले माणूस दुसऱ्या कामाला लागते. हंड्याकडे कोणी टक लावून बसत नाही. पाण्याचा आवाज आधी खोल, घुमणारा असतो. पाणी चढते तसा तो बारीक होत जातो आणि काठाजवळ येताना इतका चढतो, की हातातले काम टाकून नळ बंद करायला धावावे लागते. पाण्यावर उरलेली हवेची पोकळी आखूड होत जाते म्हणून तिचा स्वर चढतो, एवढेच त्यामागचे पदार्थविज्ञान. ते ठाऊक नसलेल्यालाही आवाज कळतो. काम चालू आहे, कुठवर आले आहे आणि किती वेगाने चालले आहे, या तिन्ही गोष्टी तो एकाच वेळी सांगतो. आणि त्यासाठी डोळे अडकून पडत नाहीत.

संगणकाला आणि रुग्णालयातल्या यंत्रांना हा गुण का उचलता आला नाही? उत्तर असे, की तो उचलला गेला होता आणि मग बाजूला पडला. तो का बाजूला पडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा विषय आहे. परिभाषेबद्दल आधीच सांगतो. यंत्राने शब्द न उच्चारता केलेल्या आवाजाला मी येथे ‘नाद’ म्हणतो. ‘ध्वनी’ म्हटले की काव्यशास्त्राच्या वाचकाला आनंदवर्धनाचा व्यंग्यार्थ आठवणार, आणि येथे तो अभिप्रेत नाही.

या विषयातल्या दोन मूळ भूमिका १९८९ साली ‘ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात छापल्या गेल्या. एक विल्यम गेव्हर यांची. मानसशास्त्राचे अभ्यासक असलेल्या गेव्हर यांनी अॅपल कंपनीत ‘सॉनिकफाइंडर’ नावाची प्रायोगिक प्रणाली तयार केली होती. पडद्यावरच्या फाइलवर टिचकी मारली की काहीतरी ठोकल्याचा आवाज येई. फाइल मोठी असेल तर आवाज जड, लहान असेल तर हलका. फाइल ओढली की घासल्याचा आवाज, कचरापेटीत टाकली की आदळल्याचा. आणि फाइलची नक्कल होत असताना भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज येई, तो नक्कल पुरी होत जाईल तसा चढत जाई. आपला हंडाच. गेव्हर यांचे म्हणणे असे, की रोजच्या व्यवहारात माणूस स्वर ऐकत नाही, वस्तू ऐकतो. बाहेर काही वाजले तर ‘मंद्र सप्तकातला नाद’ असे न म्हणता तो ‘ट्रक आला’ म्हणतो. म्हणून यंत्राचे नाद वस्तूंसारखे असावेत. यांना ते ‘ऑडिटरी आयकॉन’ म्हणत. मी ‘नादचित्र’ म्हणतो.

दुसरी भूमिका मीरा ब्लॅटनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांची. त्यांनी ‘इअरकॉन’ मांडला. त्याला मी ‘नादसंकेत’ म्हणतो. दोन-चार स्वरांचा एक छोटा तुकडा घ्यायचा, त्याला एक अर्थ नेमून द्यायचा आणि त्यात भर घालत त्याचे कुटुंब वाढवायचे. ‘चूक’ या अर्थाचा एक मूळ तुकडा ठरला, की त्याला शेपूट जोडून चुकीचे निरनिराळे प्रकार सांगता येतात. हे भाषेच्या व्याकरणासारखे आहे.

मराठी वाचकाला हा वाद नवा वाटू नये. आपल्या भाषेत दोन्ही तऱ्हेचे शब्द आहेत. ‘खळखळ’, ‘कडकड’, ‘खडखडाट’ हे अनुकरणवाचक शब्द अर्थ स्वतःच्या अंगावर घेऊन येतात. ‘पाणी’, ‘वीज’, ‘डबा’ हे शब्द रूढीने अर्थ सांगतात. कोणतीही भाषा फक्त अनुकरणावर चालत नाही, तसा संगणकही चालणार नाही. ‘मागचा बदल रद्द केला’ या क्रियेला निसर्गात कोणता आवाज आहे? गेव्हर यांची पद्धत येथे अडते आणि ब्लॅटनर यांची चालते. पण रूढी फुकट मिळत नाही. शाळेची घंटा एकच असते. एक ठोका पडला की तास संपला आणि लांबलचक वाजली की शाळा सुटली, हे पहिलीतल्या मुलाला आठवड्याभरात पाठ होते, कारण ती घंटा दिवसातून कितीतरी वेळा वाजते आणि तो तिची वाट पाहत असतो. वर्षातून एकदाच वाजणारी घंटा अशी पाठ होईल का?

हा प्रश्न पुढे रुग्णालयात जिवाशी आला. वैद्यकीय यंत्रांच्या धोक्याच्या सूचनांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात रक्ताभिसरण, श्वसन, ऑक्सिजन, औषधपुरवठा अशा विभागांना वेगवेगळ्या छोट्या धुना नेमल्या होत्या. मध्यम तातडीला तीन स्वर, जास्त तातडीला पाच. धुनांमागे विचार होता, नाही असे नाही. ऑक्सिजनची धून पायरीपायरीने उतरणारी होती. पण हे सगळे नादसंकेतच होते, आणि संबंधित माणसांना ते ओळखता येतात का, हे प्रत्यक्ष पारखण्याआधीच ते मानकात गेले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पुढे परिचारिकांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा प्रशिक्षणानंतरही सगळ्या धुना बिनचूक ओळखणे जवळजवळ कोणालाच जमले नाही. संगीत शिकलेल्यांना ते थोडे सोपे गेले. म्हणजे रुग्णाची सुरक्षितता परिचारिकेच्या स्वरज्ञानावर टेकवली गेली होती. या धुना रचणारे भूलतज्ज्ञ फ्रँक ब्लॉक यांनी २००८ साली छापील लेखात त्याबद्दल माफी मागितली. स्वतःच्या कामाची अशी समीक्षा साहित्यातही क्वचित दिसते.

चुकीचे नाद नुसते निरुपयोगी राहत नाहीत, ते कान बधिर करतात. अमेरिकेत रुग्णालयांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने २०१३ साली इशारा दिला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात धोक्याच्या सूचनांशी निगडित ९८ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या ८० रुग्णांचा मृत्यू झाला होता. यंत्रांच्या सूचनांपैकी ८५ ते ९९ टक्के सूचनांवर काही करण्याची गरजच नसते, असा अंदाजही त्यात दिला होता. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलाच्या खोटेपणाची म्हणून सांगतो. यंत्र खोटे बोलत नाही, पण प्रत्येक पान हलले तरी ओरडते, परिणाम तोच.

त्याच रुग्णालयात एक यशस्वी नादही आहे. शस्त्रक्रियागृहातला पल्स ऑक्सिमीटर नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक टिंब वाजवतो. ठोक्यांची गती म्हणजे नाडीची गती. रक्तातला ऑक्सिजन घटू लागला की स्वर उतरू लागतो. भूलतज्ज्ञाची नजर रुग्णावर असते आणि कान त्या स्वरावर. ऑक्सिजन ९४ टक्के की ९२, हे नुसत्या कानाने नक्की सांगता येत नाही. पण तो उतरतो आहे, हे आकड्याकडे नजर जाण्याआधी कळते. हा नाद हाक मारत नाही, सोबत राहतो. राशीबरोबर सतत बदलणाऱ्या या प्रकाराला शास्त्रात ‘सोनिफिकेशन’ म्हणतात. आलेखाच्या चालीवर मी ‘नादालेख’ म्हणतो. गायगर गणकाची टिकटिक त्याच जातीची. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या बोटाच्या ऑक्सिमीटरमध्ये मात्र आपण बहुधा फक्त आकडा पाहत बसलो.

यावरून मला जे दिसते ते असे. गेव्हर की ब्लॅटनर, हा प्रश्नच अपुरा होता. नाद कशासारखा आहे, याआधी विचारायला हवे की घटना किती वेळा घडते. रोज शंभरदा घडणाऱ्या गोष्टीला नादसंकेत पुरतो. वापरातच तो पाठ होतो. क्वचित घडणाऱ्या, पण जिवावरच्या गोष्टीला नादचित्र हवे, कारण ते पाठ करायला वेळच मिळणार नसतो. आणि जे सतत चालू आहे, कमीजास्त होत आहे, त्याला नादालेख. नादसंकेत अजिबात जमत नाहीत, असेही नाही. वाद्यांचे पोत एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ठेवले तर ते चांगले ओळखता येतात, हे स्टीफन ब्रूस्टर यांनी १९९०च्या दशकात प्रयोगांनी दाखवले. चूक त्यांना भलत्या जागी नेमण्यात होती. वैद्यकीय मानकात २०२० साली दुरुस्ती झाली आणि धुनांच्या जागी नादचित्रे आली : रक्ताभिसरणासाठी हृदयाची धडधड, औषधासाठी गोळ्यांची बाटली हलवल्याचा खुळखुळाट. १९८९च्या त्या अंकातला विचार तिथे पोहोचायला ३१ वर्षे लागली.

आपल्या टेबलावरच्या संगणकात तो पोहोचलाच नाही. सॉनिकफाइंडर विक्रीला आली नाही. संगणकाचा नाद पुढे ओळख मिरवण्याच्या कामाला लागला. विंडोज ९५ सुरू होतानाची धून ब्रायन इनो यांनी रचली. ती सुंदर आहे, पण यंत्र सुरू झाले यापलीकडे ती काही सांगत नाही. मोबाइलचे बहुतेक नाद तर ‘इकडे बघ’ एवढेच म्हणतात, आणि बघितल्यावर बहुधा बघण्यासारखे काही नसते.

अपवाद सापडतो तो न पाहणाऱ्यांच्या संगणकावर. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६पासून घडवलेली ‘एनव्हीडीए’ ही मोफत प्रणाली पडदा वाचून दाखवते. पण काम किती झाले हे ती दर वेळी बोलून सांगत बसत नाही. फाइलची नक्कल चालू असताना ती बारीक टिंबे वाजवते आणि काम पुढे सरकते तसा त्यांचा स्वर चढत जातो. वापरणारा तेवढ्या वेळात दुसरे काही वाचू शकतो. ही चैन नाही. डोळस माणूस चढती पट्टी पाहतो, तसे अंध माणूस ते ऐकतो.

यावर आक्षेप येईल, की आमच्या शहरांत आधीच गोंगाट कमी आहे का? आक्षेप खरा आहे. म्हणून प्रत्येक नादाला एक साधी कसोटी लावावी : हा बंद केला तर मला काय कळायचे थांबेल? माझ्या फोनमधल्या एकेका नादाला ही कसोटी लावली, तर बहुतेक सगळे बाद झाले. घंटी आणि गजर, दोनच उरले. हंड्याचा आवाज या कसोटीला पहिल्याच फेरीत उतरतो. तो बंद झाला तर ओट्याखाली पाणी साचेल.