मुक्त संगणकप्रणाली आणि विकतचे ड्रायव्हर : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : मुक्त सॉफ्टवेअर, लिनक्स कर्नल, ड्रायव्हर, परवाना, मूळ संहिता

इंग्रजीतील 'फ्री' या एकाच शब्दात 'मुक्त' आणि 'फुकट' असे दोन अर्थ नांदतात. मराठीत हे दोन शब्द सुदैवाने वेगळे आहेत. तरीही आपल्याकडील संगणकविषयक लेखनात लिनक्सचा परिचय पुष्कळदा 'मोफत प्रणाली' असाच करून दिला जातो. मग या प्रणालीवर एखाद्या ड्रायव्हरसाठी पैसे मोजावे लागले की वाचकाला ती फसवणूक वाटते. या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पैसे घेणे हे मुक्त सॉफ्टवेअरच्या विचारात कधीच निषिद्ध नव्हते. या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ च्या सुमारास ईमॅक्स या आपल्या संपादक-प्रणालीच्या फिती १५० डॉलरला विकल्या होत्या. त्यांची तक्रार किमतीविषयी नव्हती. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत आलेल्या झेरॉक्सच्या लेसर प्रिंटरची मूळ संहिता त्यांना मिळू शकली नाही. त्यामुळे कागद अडकल्याची सूचना वापरकर्त्याला देण्याची जी सोय त्यांनी आधीच्या प्रिंटरला जोडली होती, ती या यंत्राला जोडता आली नाही. म्हणजे या चळवळीच्या मुळाशीच यंत्र चालविणारी एक बंदिस्त संहिता आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

या पार्श्वभूमीवर कॅनडातील लिनक्संट या कंपनीचे उदाहरण तपासण्यासारखे आहे. डायल-अपच्या काळात लॅपटॉपमध्ये सर्रास आढळणारे कोनेक्झंट चिपचे मोडेम हे 'सॉफ्टमोडेम' होते. संकेतांवरील प्रक्रियेचे काम स्वतंत्र चिपने करावयाचे ते येथे संगणकाच्या प्रोसेसरवर सोपविलेले असे. साहजिकच मोडेमचे खरे मर्म ड्रायव्हरमध्ये होते, आणि ते चिप-उत्पादकाने उघड केलेले नव्हते. लिनक्संटने हा ड्रायव्हर लिनक्ससाठी उपलब्ध करून दिला. विनामूल्य आवृत्तीचा वेग १४.४ किलोबिटपुरता बांधलेला होता. ५६ किलोबिटचा पूर्ण वेग आणि फॅक्सची सोय हवी असल्यास परवाना विकत घ्यावा लागे.

व्यवहारवादी पक्षाचे म्हणणे असे, की ज्याने श्रम केले त्याला मोबदला मिळाला तर बिघडले कुठे? ज्याच्या संगणकाचा मोडेमच चालत नाही, त्याने इंटरनेटवरून मदत तरी कशी मिळवावी? हा युक्तिवाद हलका नाही. तत्त्वनिष्ठांनी त्याला नेहमीच तुच्छतेने उत्तर दिले, हे योग्य झाले नाही. परंतु येथे नेमके विकले काय जात होते? माल तोच, तोटी मात्र आवळलेली. ती सैल करण्याचे पैसे. शिवाय पैसे भरूनही ग्राहकाच्या हाती मर्मभागाची संहिता येत नव्हती. दुरुस्तीसाठी कंपनीवर अवलंबून राहणे, हा त्या किमतीचा न सांगितलेला भाग होता.

एप्रिल २००४ मध्ये उघडकीस आलेला प्रकार अधिक गंभीर होता. बंदिस्त मोड्यूल बसविले की लिनक्स कर्नल 'दूषित' झाल्याची नोंद करतो, जेणेकरून दोष शोधणाऱ्याला सावध राहता यावे. लिनक्संटच्या मोड्यूलमधील परवान्याच्या ओळीत 'जीपीएल' या अक्षरांनंतर शून्य-चिन्ह घातलेले होते आणि उर्वरित अटी त्यापुढे होत्या. सी भाषेत शून्य-चिन्हाशी मजकूर संपतो, म्हणून कर्नलने फक्त 'जीपीएल' एवढेच वाचले आणि मोड्यूलला मुक्त मानले. वापरकर्त्यांना गोंधळात टाकणाऱ्या सूचना पुनःपुन्हा दिसू नयेत म्हणून असे केले, हे कंपनीचे स्पष्टीकरण. ते खरे मानले तरी समर्थनीय ठरत नाही. किंमत घेणे आणि ओळख लपविणे यांत मूलभूत भेद आहे. पहिला व्यवहार आहे, दुसरा विश्वासभंग.

ध्वनी-ड्रायव्हरांचा इतिहास काहीसा वेगळा आहे. फोरफ्रंट टेक्नॉलॉजीज ही कंपनी आपले ओएसएस ड्रायव्हर परवाना-शुल्क घेऊन विकत असे. दरम्यान १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी आरंभिलेली 'अल्सा' ही मुक्त प्रणाली डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलमध्ये मुख्य ध्वनिव्यवस्था म्हणून समाविष्ट झाली. फोरफ्रंटने २००७ मध्ये संहिता खुली केली, पण तोवर बाजार हातचा गेला होता. त्याच वर्षी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी उत्पादकांना उघड प्रस्ताव दिला : तुम्ही चिपची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देतो. संहिता लिहिणाऱ्यांची वाण नव्हती. अडत होते ते माहितीपाशी, हे या प्रस्तावावरून पुरेसे सिद्ध होते.

सुट्या ड्रायव्हरची विक्री पुढे मागे पडली. प्रश्न मात्र मिटला नाही. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नल-मोड्यूलांची संहिता खुली केली, परंतु चिपमध्ये भरावयाचे फर्मवेअर बंदिस्तच ठेवले. डेबियन या तत्त्वनिष्ठ समजल्या जाणाऱ्या प्रकल्पानेही २०२२ मध्ये मतदान घेऊन अमुक्त फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात घेण्याचे ठरविले, आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ते आले. येथे कोणी पैसे मागत नाही, म्हणून कोणाला फसवणूकही वाटत नाही. झेरॉक्सच्या त्या प्रिंटरसाठीही स्टॉलमन यांच्याकडे कोणी पैसे मागितले नव्हते.