पेशवे दफ्तराचे छापील भाग आणि वंशावळींचे शोधक

पेशवे दफ्तरांतील निवडक कागद सरकारनें १९३० पासून पुढील चारपांच वर्षांत पंचेचाळीस भागांत छापून काढले. रियासतकार सरदेसाई यांच्या त्या प्रचंड उद्योगाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस त्या भागांचें परीक्षण एका निराळ्याच वाचकाच्या बाजूनें करावयाचें आहे. हा वाचक म्हणजे आपल्या घराण्याचा मूळपुरुष, त्याचें गांव, वतन व शाखा यांचा शोध घेत दफ्तरखान्याच्या दाराशीं येणारा मनुष्य. इतिहासपंडित त्यास पाहून बहुधा नाक मुरडतात. आणि कित्येक कुलवृत्तांतांतील आत्मस्तुति वाचून आम्हींही तें मुरडलें आहे, हें कबूल केलें पाहिजे.

या वाचकास छापील भागांतून काय मिळतें? उदगीर, पानिपत, बाजीरावाच्या स्वाऱ्या अशा राजकारणाच्या पत्रांत त्याच्या पूर्वजाचें नांव आलें तर एखाद्या ओळींत येतें. तो कोठचा, कोणाचा मुलगा, त्याच्या मागें वतन कोणी चालविलें, हें तेथें सांपडत नाहीं. यांत संपादकांचा दोष नाहीं. राजकीय इतिहासास उपयोगी पडेल तें निवडावयाचें, हेंच त्या योजनेचें धोरण होतें. परंतु निवड झाली म्हणजे दफ्तर वाचून झालें, असा एक समज या भागांमुळें पसरला, आणि तो आम्हांस घातक वाटतो. १९०८ सालीं मावजी व पारसनीस यांनीं छापलेल्या कैफियतींनीं घराण्यांच्या हकीकतीची उणीव थोडी भरून काढली खरी. पण तीं घराणीं नामांकितच. ज्याचा पूर्वज साधा कुळकर्णी, गुरव किंवा पाटलाचा धाकटा भाऊ, त्यास मूळ रुमालांवांचून गति नाहीं.

ते रुमाल सरकारांत कसे आले हें येथें आठवावें. १८१८ नंतर पेशव्यांचें दफ्तर इंग्रजांच्या हातीं पडलें. पुढें १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले. दावा सांगणारास सनद, भोगवट्याचा पुरावा व वंशपरंपरा दाखवावी लागे. वतनदारांकडील जुनीं दफ्तरेंही कमिशननें आपल्या ताब्यांत घेतलीं. म्हणजे आज जो कागदांचा सांठा वंशावळींच्या शोधकांस अमोल वाटतो, त्याचा मोठा भाग सरकारनें आपल्या कामासाठीं प्रजेकडून लिहवून किंवा काढून घेतलेला आहे. घराण्याचा शोध हा खाजगी छंद, त्याचा खर्च ज्याचा त्यानें सोसावा, असें म्हणणारांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्याच्या आजोबाच्या पणजोबानें आपले कागद नाइलाजानें कचेरींत भरले, त्यानें ते पाहण्यासाठीं जबर शुल्क कां द्यावें, हें आम्हांस समजत नाहीं.

हे कागद निर्दोष आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. इनामाच्या दाव्यासाठीं दाखल केलेली वंशावळ ही पक्षकाराची जबानी होय. तींत निपुत्रिक भाऊ गाळलेला असतो, दत्तक औरस म्हणून दाखविलेला असतो, कधीं मध्यल्या दोन पिढ्याच नाहींशा झालेल्या असतात. तिची परीक्षा करावयाची तर प्रतिपक्षाची कैफियत, जुन्या वांटपाचा कागद, एखाद्या विधवेचा अर्ज व कारकुनाचा शेरा हीं सर्व शेजारींशेजारीं पाहिलीं पाहिजेत. उत्तम कागद तेवढा उचलून छापला कीं हें शेजार तुटतें. यासाठींच आम्ही म्हणतों कीं आणखी दहा भाग छापण्यापेक्षां प्रत्येक रुमालाची बारकाईची यादी आम्हांस अधिक मोलाची आहे. १९३३ सालीं निघालेल्या इंग्रजी मार्गदर्शिकेनें दफ्तराच्या विभागांची ओळख करून दिली; पण कागदन्‌कागदाची नोंद हें तिचें काम नव्हतें.

आणि हा प्रश्न आतां केवळ संशोधकांचा राहिलेला नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं कुणबी नोंदी शोधण्याकरितां समिति नेमली, तेव्हां सर्व महाराष्ट्रास एकाएकीं दफ्तरखान्यांची आठवण झाली. जन्ममृत्यूचीं बुकें, हक्कनोंदणीचीं पत्रकें, मोडींतील जमाबंदीचे कागद व निजामी अंमलांतील उर्दू दफ्तरें उलगडलीं गेलीं आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी निघाल्या. त्या मागणीच्या राजकीय बाजूशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. मोडी वाचणारीं माणसें त्या वेळीं कशी धुंडाळावीं लागलीं, तेवढें मात्र सर्वांनीं पाहिलें. जातीच्या दाखल्याची पडताळणी करतांना इतर मागासवर्गीय अर्जदारास १९६७ पूर्वीचा, भटक्या जमातींतील अर्जदारास १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या घरीं सनद नाहीं, शेतही नाहीं, त्याचा सारा आधार सरकारी दफ्तरांतील एका ओळीवर असतो. ती ओळ वाळवीनें खाल्ली तर त्याच्या मुलाचें शिक्षण अडतें.

संकट आलें म्हणजे घाईनें माणसें गोळा करावयाचीं व तें टळलें म्हणजे पुन्हां कुलुपें लावावयाचीं, हा क्रम खर्चाच्या दृष्टीनेंही महाग आहे. घाईनें उलगडलेला जुना बंद घडीवर फाटतो, आणि घाईनें वाचलेलें मोडी अक्षर चुकीचें नांव देतें. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यानें दफ्तर जपण्याचें बंधन सरकारनें स्वतःवर घेतलें आहे. त्या बंधनास अंदाजपत्रकांत कायमची रक्कम हवी, आणि तिचा पहिला विनियोग मोडी व उर्दू जाणणाऱ्या कायम नोकरांवर व्हावा, छायाचित्रण त्यानंतर. यादीवांचून घेतलेलीं लक्षावधि छायाचित्रें म्हणजे नवा बांधलेला, पण न उलगडलेला रुमालच होय.

आमच्या वाचकांत कागदपत्रांचे संग्राहक पुष्कळ आहेत. दफ्तरांतील प्रकरणांस जोड देणारे करीने व वंशावळी त्यांच्यापैकीं अनेकांच्या पेटाऱ्यांत पडून आहेत. त्यांच्या नकला त्यांनीं गांवाच्या व परगण्याच्या नांवानिशीं दफ्तरखान्याकडे पाठवाव्या, आणि पोंच मागून घ्यावी.