अल्पावधीचे व्हिडिओ गेम आणि त्यांचे पूर्ण मूल्य : ‘राजी’च्या निमित्ताने एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना :

मराठी समीक्षेने कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्या मूल्याचा विचार सातत्याने केला आहे. व्हिडिओ गेमविषयीची आपल्याकडील चर्चा मात्र बहुतांशी करमणूक आणि व्यसन या दोन शब्दांपाशीच थांबते. या माध्यमाच्या जाणकारांमध्ये गेली अनेक वर्षे एक वाद चालू आहे. जो गेम पाच-सहा तासांत संपतो, त्यासाठी सवलतीची वाट न पाहता प्रकाशनाच्या वेळची पूर्ण किंमत मोजावी काय, असा तो वाद आहे. वरवर पाहता हा प्रश्न बाजारपेठेचा वाटतो. तथापि कलाकृतीचे मूल्य तिच्या लांबीवर ठरते काय, हा साहित्यविचारातील जुनाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. प्रस्तुत लेखात पुणे येथे निर्माण झालेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या गेमच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घ्यावयाचा आहे.

‘राजी’ची निर्मिती :

पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने ‘राजी’ची निर्मिती केली. २०१७ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी जमविण्याचा प्रयत्न झाला, परंतु ठरविलेले उद्दिष्ट गाठता आले नाही. संस्थापकांपैकी एकाने स्वतःची सदनिका विकून काम चालू ठेवले. पुढे परदेशी अनुदान आणि प्रकाशक यांचे साहाय्य मिळाले. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा गेम प्रथम निन्टेन्डो स्विच या उपकरणावर, तर ऑक्टोबर २०२० मध्ये संगणक व अन्य उपकरणांवर प्रकाशित झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्यास नामांकन लाभले.

गेमची मूळ किंमत सुमारे २५ डॉलर होती आणि सामान्य खेळाडू तो पाच ते सहा तासांत पूर्ण करतो. परीक्षकांनी दृश्यसौंदर्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्याच वेळी तो लवकर संपतो आणि त्याचा शेवट अचानक येतो, अशी तक्रारही अनेकांनी नोंदविली. या तक्रारीत दोन वेगळे आक्षेप एकत्र आले आहेत. ते वेगळे केल्याशिवाय मूल्याचा प्रश्न सुटत नाही.

तासांच्या मापाची मर्यादा :

पहिला आक्षेप निव्वळ लांबीचा आहे. किंमत भागिले तास असा हिशेब केल्यास ‘राजी’चा एक तास चार ते पाच डॉलरला पडतो. ६० डॉलरचा आणि १०० तास चालणारा गेम घेतल्यास एक तास ०.६० डॉलरला मिळतो. हे माप प्रमाण मानले, तर दुसरा गेम कितीतरी पटीने श्रेष्ठ ठरावा. त्या १०० तासांत काय घडते, हे मात्र या हिशेबात कोठेच येत नाही. एकच लढाई थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा करावयास लावणे, निरोप पोहोचविण्यासाठी निर्जन प्रदेशातून खेळाडूस मैलोन्मैल चालविणे, अशा उपायांनी तास वाढविता येतात. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांच्या कथानकात पाणी कसे घातले जाते, हे मराठी प्रेक्षकास सांगावयास नको.

साहित्यात आपण हे माप कधीच स्वीकारले नाही. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) आणि पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (१९६२) या आकाराने लहान कादंबऱ्या आहेत. एका बैठकीत वाचून होतात म्हणून त्यांना कोणी दुय्यम ठरविले नाही. पुस्तकाची किंमत पृष्ठसंख्येनुसार ठरते हे खरे. परंतु कागद आणि छपाई यांचा खर्च पानांबरोबर वाढतो, म्हणून ती रीत पडली. गेमच्या बाबतीत तेही कारण नाही. दालने, भित्तिचित्रे, पात्रांच्या हालचाली आणि ध्वनी प्रथमच घडविताना खरे श्रम लागतात. घडविलेले तेच दालन चार वेळा वापरल्यास खेळाचा वेळ वाढतो, श्रम त्या प्रमाणात वाढत नाहीत. ‘राजी’मध्ये अशी पुनरावृत्ती तुलनेने कमी आहे. त्यामुळे तासांच्या हिशेबात तिचा तोटाच होतो.

हे माप विक्रीव्यवस्थेतही रुजले आहे. ‘स्टीम’ या मोठ्या विक्रीमंचावर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ग्राहकहिताच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. परंतु दीड तासात संपणारा गेम पूर्ण खेळूनही पैसे परत मागता येतात. २०२१ मध्ये ‘समर ऑफ ’५८’ या छोट्या गेमच्या निर्मात्याने याच कारणास्तव गेमनिर्मिती अनिश्चित काळासाठी थांबवीत असल्याचे जाहीर केले होते.

आटोपशीरपणा आणि अपुरेपणा :

दुसरा आक्षेप शेवटाचा असून तो अधिक गंभीर आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. त्यांच्या साहाय्याने ‘राजी’ची रचना तपासता येते. नायिका राजी ही खेळ करून पोट भरणारी डोंबारी वळणाची कलावंत मुलगी आहे. असुरांनी पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. भिंतीवरून धावणे, खांबाला धरून गिरकी घेणे या कसरतींनीच ती वाट काढते आणि त्याच कसरतींनी लढतेही. व्यक्तिरेखा आणि खेळाची कृती यांतील हा संवाद उत्तम साधला आहे. लढाईनंतर येणारी शांत दालने आणि त्यांतील भित्तिचित्रांवरून दुर्गा व विष्णू यांनी सांगितलेल्या कथा यांतून विरोधाचे तत्त्व सिद्ध होते. चित्र दाखवून कथा सांगण्याची ही रीत आणि कथाप्रसंगांसाठी वापरलेला छायाबाहुल्यांचा बाज पाहताना सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथी व चामड्याच्या बाहुल्यांच्या परंपरेचे स्मरण होते.

उणीव आहे ती समतोलात. भावाच्या शोधाची जी आर्तता आरंभापासून वाढविली, तिला शेवटी पुरेसे स्थान मिळत नाही. कथा मिटण्याऐवजी तुटल्यासारखी वाटते. हा दोष गेम पाच तासांचा असल्यामुळे निर्माण झालेला नाही. वीस तासांच्या गेमचाही शेवट असाच तुटू शकतो.

उलट उदाहरण ‘वेणबा’चे देता येईल. टोरांटो येथील ‘विसाई गेम्स’ने २०२३ मध्ये प्रकाशित केलेला हा गेम साधारण दीड तासात संपतो. त्याची किंमत सुमारे १५ डॉलर होती, म्हणजे तासाच्या हिशेबाने तो ‘राजी’हून महाग ठरतो. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबातील आई आणि मुलगा यांच्यात भाषेमुळे पडत गेलेले अंतर त्यात स्वयंपाकाच्या कृतींमधून उलगडते. फाटलेल्या पाकवहीतील पुसट झालेली कृती खेळाडूने स्वतः जुळवावयाची असते. कित्येक वर्षांचा काळ दीड तासात मावतो आणि कथा पूर्ण होते. २०२४ मध्ये या गेमला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. ‘राजी’हून लहान असूनही तो अपुरा वाटत नाही. आटोपशीरपणा आणि अपुरेपणा यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

ग्राहकाची बाजू :

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. सोयाबीन आणि कापसाच्या उत्पन्नावर ज्याचे घर चालते आणि जो परभणीत खोली करून शिकतो, अशा सेलू किंवा जिंतूर तालुक्यातील विद्यार्थ्याने तासांचा हिशेब केला, तर त्यास अरसिक म्हणता येणार नाही. वर्षाकाठी एखादाच गेम घेणे शक्य असेल, तर तो अधिक दिवस पुरावा ही अपेक्षा रास्त आहे. शिवाय ‘राजी’ ज्या उपकरणावर प्रथम आली, त्याची भारतात अधिकृत विक्रीही नव्हती. म्हणजे पहिली किंमत ठरली ती परदेशी ग्राहकासमोर. भारतीय उत्पन्नाशी सुसंगत रुपयांतील किंमत आणि कालांतराने सवलत, हे या अडचणीचे उपाय आहेत. परवडणे हा खिशाचा प्रश्न आहे. त्यावरून कृतीचा दर्जा ठरत नाही.

याच विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर प्रत्यक्षात काय असते, तेही पाहावयास हवे. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा त्याचा भारतीय अवतार आला. असे गेम विनामूल्य असतात आणि कधीच संपत नाहीत. खेळाडू रोज परतावा आणि केव्हातरी पोशाख वा अन्य आभासी वस्तू विकत घ्याव्यात, यावर त्यांचे उत्पन्न अवलंबून असते. तासांच्या मापाने शून्य किमतीचा आणि अमर्याद वेळेचा हा खेळ सर्वश्रेष्ठ ठरेल. परंतु विद्यार्थ्याचा वेळ हेही मूल्यच आहे आणि ते या हिशेबात धरले जात नाही. पाच तासांत संपणारा गेम पैसे घेतो, मात्र खेळणाऱ्यास त्याचा उरलेला वेळ परत देतो.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. खेळाचा कालावधी हा गेमच्या मूल्याचा निकष होऊ शकत नाही. विपुलता आणि पाल्हाळ यांतील भेद त्यातून कळत नाही.

२. लहान गेमच्या पूर्ण किमतीविषयी निर्णय घेताना तो आपल्या आकृतिबंधात पूर्ण होतो काय, हे पाहावे. या कसोटीवर ‘वेणबा’ पूर्णतः उतरतो. ‘राजी’ शेवटी उणी पडते, तथापि तिच्यातील कृती, चित्र आणि कथा यांची एकात्मता लक्षात घेता ती पूर्ण किमतीस पात्र आहे.

३. ग्राहकाची आर्थिक मर्यादा खरी आहे. तिचे उत्तर किंमत ठरविण्याच्या पद्धतीत शोधावे, समीक्षेच्या निकषांत नव्हे.

या प्रश्नाचा संबंध मराठीच्या भवितव्याशीही आहे. गंगाखेडच्या जनाबाईचे जीवन किंवा गोदाकाठची एखादी लोककथा घेऊन उद्या चार-पाच तरुणांनी मराठीत गेम करावयाचे ठरविले, तर भांडवल आणि मनुष्यबळ यांच्या अभावी तो एक-दोन तासांचाच होईल. अभंगाच्या मोजक्या चरणांत आशय पूर्ण झालेला आपल्या परंपरेने पाहिला आहे. तीच दृष्टी या नव्या माध्यमाकडे पाहताना ठेवली नाही, तर असे प्रयत्न सुरू होण्यापूर्वीच तोट्याचे ठरतील. ही दृष्टी विद्यार्थ्यांमध्ये रुजविणे हे भाषा व साहित्याच्या अध्यापकांचे काम आहे. त्यासाठी वर्गात ‘रणांगण’ आणि ‘राजी’ यांची एकत्र चर्चा करावयास हरकत नसावी.