‘संस्थान’ शब्दाचे दोन अर्थ आणि अमेरिकेचा सागरपार विस्तार

अमेरिकेच्या साम्राज्यविस्ताराविषयी मराठीत लिहू जाता विचाराच्या आधी शब्दाचीच अडचण उभी राहते. ‘साम्राज्य’, ‘वसाहत’, ‘पारतंत्र्य’ या शब्दांना आजचा अर्थ प्राप्त झाला तो मुख्यतः ब्रिटिश राजवटीच्या अनुभवातून. त्याच मापाने अमेरिका मोजली की क्यूबासारख्या देशाचे काय करावे हे समजेनासे होते. तेथे व्हाइसरॉय नव्हता, मुलकी नोकरशाही नव्हती, स्वतंत्र राष्ट्राचा ध्वज फडकत होता. मग ते पारतंत्र्य कसे? ‘वसाहत’ हा शब्दही येथे लटका पडतो. ‘वसणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे, आणि अमेरिकन लोक क्यूबात किंवा फिलिपिन्समध्ये मोठ्या संख्येने वसावयास गेले नव्हते. या प्रकारच्या सत्तेचे वर्णन करणारी परिभाषा मात्र मराठीत, विशेषतः निजामी राजवटीतील मराठीत, फार पूर्वीच सिद्ध झालेली होती.

प्रथम त्या देशाचे नावच पाहावे. मराठीत त्यास दीर्घकाळ ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ म्हटले गेले. हाच ‘संस्थान’ शब्द हैदराबाद, कोल्हापूर, बडोदे यांनाही लागत होता. (देवस्थानांच्या ‘संस्थाना’चा तिसरा अर्थ येथे बाजूस ठेवणे बरे.) अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. तेथील मराठी वाचक स्वतः एका संस्थानात राहून दुसऱ्या ‘संस्थानां’विषयी वाचत असे. एका अर्थी संस्थान म्हणजे संघराज्याचा समान घटक, सिनेटमध्ये दोन प्रतिनिधी पाठविणारा. दुसऱ्या अर्थी संस्थान म्हणजे गादी शाबूत, पण सैन्य आणि परराष्ट्रव्यवहार परक्याच्या हाती. अनेकार्थता हा शब्दाचा दोष नव्हे. संदर्भ अर्थ ठरवितोच. परंतु येथे पहिल्या अर्थाची प्रतिष्ठा इतकी मोठी होती, की अमेरिकेने दुसऱ्या प्रकारची संस्थाने निर्माण केली तेव्हाही तिचे नाव पहिल्याच अर्थाच्या तेजात राहिले.

ही प्रतिष्ठा अकारण नव्हती. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात त्या देशात राहिल्या आणि १८८९ साली ‘यूनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. तेथील शासनपद्धती, शिक्षण आणि स्त्रियांच्या संस्था यांचे इतके साक्षेपी वर्णन त्या काळच्या मराठीत क्वचितच सापडेल. ग्रंथनामात त्यांनी ‘संस्थाने’ न म्हणता मूळ नावच ठेवले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. रमाबाईंची दृष्टी भाबडी नाही. कोलंबसाच्या आगमनानंतर मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाविषयी त्या मूग गिळून बसत नाहीत. तथापि त्यांच्या ग्रंथातील अमेरिका ही स्वराज्य कमावलेल्या लोकांची भूमी आहे. त्या तेथे असतानाच, १८८७ साली, हवाईच्या राज्याकडून पर्ल नदीच्या मुखावरील बंदर वापरण्याचा एकाधिकार अमेरिकेला मिळाला. १८९३ मध्ये अमेरिकन नौसैनिक उतरले असताना लिलिउओकलानी राणी पदच्युत झाली आणि १८९८ मध्ये ते राज्य खालसा झाले. डलहौसीच्या काळचा ‘खालसा’ हा शब्द येथे नेमका बसतो.

१८९८ हे वर्ष अमेरिकेच्या स्वभावातील आकस्मिक पालट होय, असे जे म्हटले जाते ते भाषेच्या पुराव्यावर टिकत नाही. १८३१ साली सर्वोच्च न्यायालयाने चेरोकी लोकांना ‘अंतर्गत अवलंबी राष्ट्र’ ठरविले होते. डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाने पोर्टो रिको, ग्वाम आणि दोन कोटी डॉलरांच्या मोबदल्यात फिलिपिन्स मिळाल्यावर, १९०१ साली त्याच न्यायालयापुढे पोर्टो रिकोहून आलेल्या संत्र्यांवरील जकातीचा वाद आला. ते बेट ‘देशांतर्गत अर्थाने परके’ आहे, असे प्रतिपादन त्या निकालातील एका न्यायमूर्तींच्या मतात आले. दोन्ही शब्दयोजनांची घडण एकच आहे: एक पद आत ओढते, दुसरे बाहेर ठेवते. अहमदपूरच्या वाचकाला ही घडण परकी वाटू नये. ‘संस्थान’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थात नेमके हेच साठलेले आहे.

क्यूबाच्या बाबतीत साम्य अधिकच बोलके आहे. ते बेट खालसा करणार नाही, असे अमेरिकन काँग्रेसने युद्धापूर्वीच जाहीर केले होते आणि शब्दशः ते पाळलेही. परंतु १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने क्यूबावर अटी घातल्या: स्वातंत्र्यास बाधक तह करावयाचा नाही, ऐपतीबाहेर कर्ज काढावयाचे नाही, अमेरिकेला हस्तक्षेपाचा अधिकार द्यावयाचा आणि नाविक तळासाठी भूमी द्यावयाची. निजामाने १७९८ आणि १८०० साली कंपनीशी केलेले तैनाती फौजेचे करार यांच्या शेजारी ठेवून वाचावेत. पुढे कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाडाबरोबर धाराशिव आणि रायचूर दोआबही इंग्रजांकडे लावून देण्यात आले. शेवटचे दोन १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कर्झनने निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून तो प्रांत वार्षिक २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. १९०३ मध्ये क्यूबाचे ‘अंतिम सार्वभौमत्व’ मान्य करून अमेरिकेने ग्वांतानामो वार्षिक २,००० डॉलरांच्या भाड्याने घेतले. दोन्ही दस्तऐवजांत सार्वभौमत्वाची कबुली ही ताबा देण्याचीच भाषा होते.

पाठ्यपुस्तके अशा राज्याला ‘संरक्षित राज्य’ म्हणतात. हे कर्मणी धातुसाधित फसवे आहे. संरक्षण कोणी केले, कोणापासून केले, हे ते सांगत नाही. ‘तैनाती फौज’ म्हटले की फौज दिसते, ती कोणी तैनात केली हा प्रश्न येतो, आणि पगार कोणाच्या वसुलातून, हाही. शास्त्रीय परिभाषा म्हणून जुना शब्द गावंढळ ठरला, पण वर्णनशक्ती त्याचीच अधिक आहे.

अर्थात साम्य ताणू नये. क्यूबात फौज कायम नव्हती. १९०६ ते १९०९ सारखा ताबा प्रसंगाने घेतला गेला. नित्याचे बंधन साखरेचे होते: १९०३ च्या व्यापारी तहाने क्यूबाच्या मालाला जकातीत २० टक्के सूट मिळाली आणि ते बेट एका गिऱ्हाइकाला बांधले गेले. फिलिपिन्सला तर संस्थानी परिभाषा लागूच पडत नाही. तेथे १८९९ पासून सरळ युद्ध झाले, त्यात असंख्य प्रजाजन मेले, आणि मग गव्हर्नर नेमून राज्य केले गेले. तेथे ‘साम्राज्य’ हाच शब्द पुरेसा आहे. उलट डोमिनिकन प्रजासत्ताकात १९०५ पासून अमेरिकेने जकात स्वतः वसूल करून ४५ टक्के तेथील सरकारला व ५५ टक्के धनकोंसाठी ठेवले. राज्य न करता वसूल घेण्याची ही रीत दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई घेणाऱ्या मराठ्यांना उमगली असती. मराठीची ही शब्दसंपत्ती केवळ सोसणाऱ्यांची नाही, हेही त्यावरून दिसते.

वऱ्हाड आणि अहमदपूर तालुका १ नोव्हेंबर १९५६ रोजी एकाच दिवशी मुंबई राज्यात आले. प्लॅट दुरुस्ती १९३४ साली रद्द झाली. ग्वांतानामोचा पट्टा मात्र त्याच वर्षीच्या तहाने उभयपक्षी संमतीवाचून न संपणारा ठरला. तो अद्याप चालू आहे, आणि क्यूबाचे सरकार त्याचे भाडे स्वीकारत नाही.