'मुलग्यांत प्रमाण कमी': एका वाक्याची उलटतपासणी

खाण्याच्या विकारांवरचे चार-पाच प्रबंध उघडून बघा. पहिल्याच प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं: हे विकार प्रामुख्याने किशोरवयीन मुलींत आढळतात, मुलग्यांत प्रमाण कमी. पुढे दोन-तीन संदर्भ, आणि गाडी पुढे. मग नमुन्यात फक्त मुली घेतल्या जातात. मुलगे घेतले तरी मुलींसाठी बनलेली प्रश्नावली त्यांच्या हातात दिली जाते. निष्कर्ष काय? मुलग्यांत प्रमाण कमी!

हे वाक्य साफ खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण ते कोणत्या फूटपट्टीने मोजून लिहिलंय, हे विचारल्याशिवाय ते तुमच्या सिनॉप्सिसमध्ये जाऊ नये. आज तेवढंच तपासू.

सुरुवात इतिहासापासून. 1689 साली रिचर्ड मॉर्टन या इंग्रज डॉक्टरने क्षयावरच्या आपल्या ग्रंथात, क्षय नसताना अन्न तुटून झिजत गेलेल्या दोन रुग्णांची नोंद केली. ॲनोरेक्सियाची ही सुरुवातीची वैद्यकीय वर्णनं मानली जातात. एक रुग्ण 18व्या वर्षातली मुलगी, दुसरा 16 वर्षांचा मुलगा. मुलाला त्याने अभ्यास सोडून मोकळ्या हवेत राहायला, घोडेस्वारी करायला आणि दूध प्यायला सांगितलं, आणि तो बराच सुधारला. पुढे 1874 मध्ये छापलेल्या निबंधात विल्यम गल यांनी 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ केलं. 'हिस्टेरिया'शी जोडलेलं नाव त्यांनी मागे ठेवलं, कारण हा आजार पुरुषांतही दिसतो हे त्यांना माहीत होतं. म्हणजे मुलगा पहिल्यापासून हजर होता. तो गळाला नंतर, व्याख्या आणि मोजमापं ठरताना.

व्याख्येचं उदाहरण घ्या. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-4 मध्ये (1994) ॲनोरेक्सियाच्या निकषांत सलग तीन वेळा पाळी न येणं हा एक निकष होता. कागदोपत्री तो पाळी सुरू झालेल्या मुलींपुरताच होता, त्यामुळे मुलगे नियमाने बाद होत नव्हते. पण ज्या यादीत पाळीचा उल्लेख आहे, ती वाचताना डॉक्टरच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहील? हा निकष 2013 च्या डीएसएम-5 मध्ये काढला गेला.

आता आकडे. रुग्णांत दहामागे एक पुरुष, हे प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्याचा आधार मुख्यतः दवाखान्यात आलेले रुग्ण. पण दवाखान्यात कोण पोचतं? ज्याच्याबद्दल घरच्यांना शंका आली तो. लोकांमध्ये जाऊन मोजलं की चित्र बदलतं. हडसन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीचे आकडे छापले. आयुष्यात कधी ना कधी ॲनोरेक्सिया झालेल्या स्त्रिया 0.9 टक्के, पुरुष 0.3 टक्के. बुलिमिया 1.5 आणि 0.5. अनावर खाण्याचा विकार 3.5 आणि 2.0. म्हणजे पहिल्या दोन विकारांत चारातला एक पुरुष, आणि तिसऱ्यात एक तृतीयांशाहून जास्त. ही पाहणी प्रौढांची आहे, किशोरांना ती जशीच्या तशी लावू नका. पण 'प्रमाण कमी' म्हणजे नक्की किती कमी, हे मोजण्याच्या जागेवर अवलंबून आहे, एवढं यातून कळतं.

आता मूळ मुद्दा, प्रश्नावली. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी ईएटी-26 ही 1982 सालची. 26 प्रश्न, आणि 20 किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी सुचवायची. ती तयार करताना ॲनोरेक्सियाच्या रुग्ण स्त्रिया आणि तुलनेसाठी निरोगी स्त्रिया घेतल्या होत्या. त्यामुळे ती जाड होण्याची भीती, अजून बारीक व्हायची इच्छा, उलटी काढण्याची ऊर्मी अशा गोष्टी विचारते.

आता समजा, अकरावीतला एक मुलगा आहे. वर्गात त्याला 'काडीपैलवान' म्हणतात. तो रोज दोन तास जिममध्ये असतो. घरच्या लग्नातही जेवत नाही, स्वतःचा डबा नेतो. एक दिवस व्यायाम चुकला की त्याला चैन पडत नाही. दंड कितीही भरले तरी आरशात त्याला ते बारीकच दिसतात. जाड होण्याची भीती? नाही. बारीक व्हायचंय? अजिबात नाही. गुण शून्य, शून्य. पिष्टमय पदार्थ टाळणं, खाण्यावर ताबा ठेवणं अशा प्रश्नांना मात्र तो 'नेहमी' म्हणेल. आणि गंमत बघा: 'कटिंग'च्या महिन्यांत त्याचे गुण चढतील, 'बल्किंग'च्या महिन्यांत उतरतील. मुलगा तोच, त्रास तोच. मग तुम्ही मोजलंत काय?

इथे कुणी म्हणेल, आमचा क्रॉनबॅक अल्फा 0.8 च्या वर आहे. असू दे. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात. काटा रोज दोनशे ग्रॅम कमी दाखवत असेल तर तोही सातत्यच दाखवतो!

या मुलाच्या त्रासाला संशोधनात नाव मिळालं ते उशिरा. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 108 शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास छापला आणि 'उलटा ॲनोरेक्सिया' असा शब्द वापरला. पुढे त्याला 'मसल डिसमॉर्फिया' म्हणू लागले. पण डीएसएम-5 मध्ये तो खाण्याच्या विकारांच्या प्रकरणात नाही, शरीराच्या व्यंगाच्या भ्रामक काळजीच्या विकाराखाली आहे. म्हणजे तो सापडला तरी त्याची मोजणी दुसऱ्याच रकान्यात होते.

मग मुलग्यांसाठी नवी पट्टी घेतली की झालं? मॅक्रिअरी आणि सॅस यांची 2000 सालची स्नायूंच्या ओढीची मोजपट्टी, 15 प्रश्नांची, किशोरवयीन मुलामुलींवरच तपासलेली आहे. उपयोगी आहे, पण ती ओढ मोजते, आजार नाही. जिमला जाणारा प्रत्येक मुलगा रुग्ण नसतो. आणि काही मुलग्यांना खरंच बारीक व्हायचं असतं. नुसती ही पट्टी लावली तर ते निसटतील.

मराठीत आणताना आणखी एक पेच आहे. तालमीच्या परंपरेत 'खुराक' हा मानाचा शब्द. पोरगं मोजून-मापून अंडी-दूध घेतंय, पहाटे उठतंय, याचं घरी कौतुकच होतं. त्यामुळे 'घरच्यांना तुमच्या खाण्याची काळजी वाटते का?' या धर्तीच्या प्रश्नाला मुलगा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. भाषांतर अचूक असूनही प्रश्न फसेल.

तर काम काय? संदर्भ देण्याआधी मूळ लेखातला नमुना वाचा: कोण होते, किती होते, कोणत्या वयाचे. मुलामुलींच्या सरासरीवर टी-टेस्ट लावण्याआधी, प्रश्नांचा अर्थ दोन्ही गटांत सारखाच लागतो का ते तपासा. आणि मोठ्या पाहणीआधी आठ-दहा मुलग्यांशी बोला. त्यांचे शब्द 'डाएट', 'फिगर' नसतील. 'बॉडी', 'कट्स', 'साइज' असतील.

ॲनोरेक्सिया हा मानसिक आजारांतल्या सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. तुमच्या तक्त्यात 'धोका नाही' या रकान्यात गेलेला मुलगा शाळेच्या अहवालातही तिथेच राहतो, आणि त्याला डॉक्टरकडे कुणी नेत नाही. व्हायव्हाला परीक्षक विचारोत न विचारोत, उत्तर तयार ठेवा: या प्रश्नावलीने हा मुलगा सापडला असता का?