गाठ नव्हे, पुटिका

आंबिया बहार सुरू झाला की कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात, आणि आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत बाकांखाली सालींचा खच पडतो. बहुतेकांचे पालक याच बाजारात हमाली करतात, माल निवडतात किंवा गाडी लावतात. अशा वर्गात दहावीतल्या एका मुलीने आपल्या वाटचे संत्रे मैत्रिणीला देऊन टाकले, तेव्हा आम्ही कारण विचारले. तिने दप्तरातून एक घडीपत्रक काढून दिले. पीसीओडीची कारणे व उपाय असा विषय, गुळगुळीत कागद, चार रंगांत छपाई. ते कोणी छापले हे महत्त्वाचे नाही, कारण याच मजकुराची पत्रके गावोगाव फिरत असतात. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. तिचा प्रश्न संत्र्याचा नव्हता. "मॅडम, पोरीच्या पोटात गाठी हायेत म्हणते. हिला लेकरू होईन का नाही?"

हे पत्रक आणि दहावीचे विज्ञान पुस्तक आम्ही शेजारी ठेवून वाचले. त्या वाचनातून जे दिसले ते शिक्षकमित्रांपुढे ठेवत आहोत.

पत्रकातली पहिली चूक शब्दाची आहे आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातून निघतात. 'अंडाशयात अनेक गाठी होणे' अशी रोगाची व्याख्या दिली आहे. सोबत द्राक्षांच्या घडासारखे अंडाशयाचे चित्र. पुढे 'गाठी विरघळवण्याचे' उपाय येतात. आपल्याकडे गाठ म्हटले की माणसाच्या मनात कर्करोग येतो, शस्त्रक्रिया येते. प्रत्यक्षात सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, त्या पुटिका. हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. बालभारतीच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात (विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २) ऋतुचक्राचे वर्णन आहे. पियूषिका ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकामुळे पुटिका वाढते, तिच्यातील अंडपेशी परिपक्व होते, पुटिका फुटते, हा क्रम मुले पाठ करतात. या विकारात तोच क्रम मध्येच अडतो. पुटिका वाढायला लागतात, पण काही मिलिमीटरच्या होऊन थांबतात. म्हणजे चित्रातले ते घड वाट पाहत थांबलेल्या पुटिकांचे. विरघळवायचे त्यात काही नाही.

नावाचा हा घोळ जुना आहे. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यांत मोठी झालेली अंडाशये डोळ्यांत भरली, आणि तेव्हापासून नाव अंडाशयाला चिकटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने हे नाव दिशाभूल करते, ते बदलावे, अशी शिफारस केली. कारण गडबड अंडाशयापुरती नसते. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडते. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. त्याच वेळी रक्तात ही संप्रेरके बांधून ठेवणारे, यकृतात तयार होणारे एक प्रथिन कमी होते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. मग चेहऱ्यावर राठ केस, मुरमे, लांबलेली पाळी. मानेवर काळपट, जाडसर पट्टा. तो पट्टा घासून जात नाही. तो मळ नव्हे, बहुधा वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते. शाळेतल्या कवायतीच्या वेळी मान नीट धुण्यावरून कोणाला बोलण्याआधी आम्ही आता थांबतो.

पत्रकाचे दुसरे ठाम विधान असे, की हा लठ्ठ मुलींचा आजार आहे, वजन उतरवा म्हणजे बरा होईल. येथे महाराष्ट्रातलाच पुरावा हाताशी आहे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी १५ ते २४ वयोगटातील मुलींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मुलींत हा विकार आढळला त्यांपैकी ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि इंग्लंडमधील सहकारी युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा वजन-उंची निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा भारतीय शरीराबद्दल किती कमी सांगतो, हे वर्गात समजावायला यापेक्षा सोपे उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्याने पाळी सुधारू शकते, हे खरे. पण सडपातळ मुलीला उपाशी ठेवण्याचे त्यातून समर्थन होत नाही. कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, असे २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. संत्र्यावरची बंदी ही पत्रकाच्या लेखकाची स्वतःची भर आहे.

त्या मुंबईच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट शिकवण्यासारखी आहे. एका निकषाने हा विकार २२.५ टक्के मुलींत आढळला आणि दुसऱ्या निकषाने १०.७ टक्के. मुली त्याच, तपासण्या त्याच. 'दर पाचापैकी एक' अशी ओळ पत्रके मोठ्या टायपात छापतात, ती कोणत्या मोजपट्टीने, हे मात्र सांगत नाहीत.

उपचारांच्या भागात पत्रक सर्वांत दुबळे आहे. सगळे उपाय एका रांगेत, जणू सर्व एकाच कामाचे. खरे तर आधी विचारायला हवे, की त्रास कशाचा आहे. पाळी आणि केस-मुरमांचा असेल तर संमिश्र संप्रेरकांची गोळी (होय, तीच गर्भनिरोधक गोळी) उपयोगी पडते. ती मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी करते, पण केसांवर परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, आणि बंद केल्यावर त्रास परत येऊ शकतो. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असेल तर ती देत नाहीत. गोळीने वांझपण येते ही समजूत खोटी आहे. साखरेचा धोका पुढे असेल तर मेटफॉर्मिन. पोट बिघडते म्हणून ते थोड्या मात्रेने सुरू करतात. दुकानातून सहज मिळणाऱ्या इनोसिटॉलचा पुरावा अजून तोकडा आहे. पत्रकात त्याला सर्वांत जास्त जागा मिळाली आहे.

मूल हवे असेल तेव्हाचे औषध निराळे, आणि त्याची भारतातील कहाणी मोठी बोधक आहे. लेट्रोझोल हे स्तनकर्करोगाचे औषध बीजनिर्मितीसाठी वापरण्यावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, लेट्रोझोलने २७.५ टक्क्यांना. बंदी २०१७ मध्ये उठली आणि आज या विकारात हेच पहिल्या पसंतीचे औषध मानले जाते. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर येथे होते. बहुतेकींना मूल होते. काहींना औषधाची मदत लागते, इतकेच. पत्रकाने हे लिहिलेले नाही.

आता आपल्या पुस्तकाबद्दल. पुटिका, पीतपिंड, संप्रेरके, सारे सुटे भाग त्यात नीट दिले आहेत. पण चक्र २८ ते ३० दिवसांचे, एवढेच सांगितले आहे. पाळीची अनियमितता येते ती मूल न होण्याच्या कारणांत, कृत्रिम गर्भधारणेच्या आधी. पंधरा वर्षांच्या मुलीने हे दोन परिच्छेद एकामागोमाग वाचले तर ती कोणता निष्कर्ष काढील? वास्तविक पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी अनियमितता सर्वसाधारण असते. त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचे अंतर चालते, पुढे २१ ते ३५. पहिले वर्ष उलटल्यावर एखादे अंतर ९० दिवसांच्या पुढे गेले तर मात्र डॉक्टरांकडे जावे. आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षे होईपर्यंत या विकाराच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असे तीच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण त्या वयात निरोगी अंडाशयातही पुटिका भरपूर दिसतात.

आमच्या विद्यार्थिनीची पाळी साडेबाराव्या वर्षी सुरू झाली. आम्ही तिच्या आईसोबत कॅलेंडरवर खुणा मोजल्या. अंतर अडतीस ते बेचाळीस दिवसांचे निघाले. चेहऱ्यावर राठ केस नाहीत, मानेवर पट्टा नाही. निदान करणे आमचे काम नव्हे, म्हणून ते कॅलेंडर घेऊन त्या दोघी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेल्या. बाईंनी औषध दिले नाही. वर्षभर तारखा लिहून ठेवा, रोज तासभर खेळा, आणि मग परत या, असे सांगितले. सोनोग्राफीचा कागद आईने अजून गादीखाली जपून ठेवला आहे.