‘पेरते व्हा’ : एका ओळीची चिकित्सा

पावशाच्या हाकेला मराठी शेतकऱ्याने ‘पेरते व्हा’ असे शब्द दिले. त्याच हाकेत हिंदी कानाला ‘पी कहाँ’, बंगाली कानाला ‘चोख गेलो’ आणि साहेबाला ‘ब्रेनफीव्हर’ ऐकू आले. पक्षी एकच, पेरणीची चिंता तेवढी आमची. काव्य म्हणून आम्हांस मराठी ओळच सरस वाटते. ओळखीचे साधन म्हणून मात्र ती अपुरी आहे. तिच्यात लय उतरली, चढ उतरला नाही. पावशा प्रत्येक आवर्तनागणिक सूर चढवीत नेतो, टिपेला एकाएकी थांबतो आणि पुन्हा खालून आरंभ करतो. ही चढणच त्याची खूण.

म्हणून पेडणे-डिचोलीच्या नवशिक्याने शब्दांआधी सूर टिपावा. खिशातला मोबाइल त्यास पुरतो. मुद्रणाच्या शेवटी स्थळ, वेळ आणि झाड आपल्याच आवाजात सांगून ठेवावे. ‘मर्लिन’ हे ॲप 2021 पासून आवाज ऐकून नाव सुचविते. सूचना ती, निवाडा नव्हे. भृंगराज इतरांच्या हुबेहूब नकला करतो, तेथे यंत्रही फसू शकते. 2005 साली सुरू झालेल्या ‘झेनो-कँटो’ या ध्वनिसंग्रहाशी ताडून पाहावे. मुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे, विशेषतः विणीच्या दिवसांत, आम्हांस अजिबात मान्य नाही.

पेडण्यातील मोपाच्या सड्यावर 2023 च्या जानेवारीपासून प्रवासी विमाने उतरू लागली. त्यापूर्वीची तेथली पहाट आता कोणालाही मुद्रित करता येणार नाही. डिचोलीत मयेच्या तळ्याकाठी मात्र अजून जाता येते. मृगाच्या आधी, पावशा बोलत असताना जावे.